जलपर्णीचा जगप्रवास

वनस्पतीला पाय नसतात. बी पडेल तेथे रुजावे, रुजेल तेथे वाढावे आणि वाढेल तेथेच सुकून जावे, असा तिचा जन्मधर्म आहे. वाऱ्याने, पाण्याच्या ओघाने अथवा पाखरांच्या पायांना चिकटून तिचा अंश थोडाबहुत दूर जातो हे खरे. परंतु समुद्र ओलांडणे आणि डोंगर चढून पलीकडच्या खोऱ्यात वस्ती करणे तिला स्वतःच्या बळावर सहसा साधत नाही. असे असता, दक्षिण अमेरिकेतील एका पाणवनस्पतीने शे-सव्वाशे वर्षांच्या अवधीत आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, उत्तर अमेरिका आणि युरोपचा दक्षिण भाग येथील नद्या व तळी काबीज केली. हा प्रवास तिने कसा केला, आणि तो थांबविण्याचे यत्न कोठे फसले व कोठे साधले, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

ही वनस्पती म्हणजे आपल्या परिचयाची जलपर्णी. कोल्हापूरकडे तिलाच केंदाळ म्हणतात. तिची गोल, तुकतुकीत हिरवी पाने, देठाच्या बुडाशी हवेने भरलेला फुगीर भाग आणि पाण्यात लोंबणारी काळसर मुळे कोणीही ओळखील. फूल मात्र फार देखणे. फिकट जांभळ्या रंगाच्या सहा पाकळ्या, आणि वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका. या फुलाच्या सौंदर्यातच सर्व अनर्थाचे मूळ आहे, असे पुढील हकिगतीवरून दिसून येईल.

तथापि जलपर्णीच्या आधी दुसऱ्या एका पाणवनस्पतीची कथा सांगणे अवश्य आहे. कारण युरोपातील सुशिक्षित लोकांनी या प्रकाराचा पहिला धडा तिच्यापासून घेतला. १८४२ मध्ये स्कॉटलंडच्या सीमेवरील डन्स कॅसल येथील तळ्यात डॉक्टर जॉर्ज जॉन्स्टन यांस एक अपरिचित पाणगवत सापडले. ते मूळचे उत्तर अमेरिकेचे. पाच वर्षांनी ते इंग्लंडात लेस्टर परगण्यातील फॉक्स्टन येथील कालव्यात आढळले. तेथून नमुन्यादाखल एक काडी केंब्रिजच्या वनस्पतिशास्त्रीय उद्यानात नेण्यात आली, आणि १८४८ मध्ये उद्यानाच्या व्यवस्थापकाने तिचा एक तुकडा शेजारून वाहणाऱ्या ओहोळात सोडला. ओहोळ केम नदीस मिळत होता. चार वर्षांत त्या गवताने केम नदी भरून टाकली व पुढे ऊझ नदीच्या सखल प्रदेशात पाय पसरले. मालाचे पडाव ओढणाऱ्या घोड्यांना ओढ सोसेना, कोळ्यांची जाळी गवताने जड होऊन येऊ लागली, पोहणारांचे पाय गुंतू लागले. ईली येथील विल्यम मार्शल यांनी १८५२ मध्ये या नव्या पाणगवतावर एक छोटी पुस्तिकाच लिहिली.

या प्रकरणात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, इंग्लंडात आलेल्या या गवताची झाडे जवळजवळ सर्व मादी जातीची होती. नर नाही, म्हणून फळ नाही. फळ नाही, म्हणून बी नाही. म्हणजे एका सबंध देशाचे कालवे त्याने जे व्यापले ते केवळ तुटलेल्या काड्यांच्या बळावर. ज्या तुकड्यावर एखादे पेर शिल्लक आहे तो तुकडा एक सबंध झाड होय. पडावाच्या तळाला चिकटून, जाळ्याच्या गाठीत अडकून, अथवा कोणा हौशी निसर्गप्रेमी गृहस्थाच्या बरणीतून असा तुकडा एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात गेला की काम झाले. पुढे काही दशकांनी या गवताचा जोर आपोआप ओसरला. त्यामुळे लोक निश्चिंत झाले, आणि त्यातून घ्यावयाचा बोधही विसरून गेले.

आता जलपर्णीकडे वळू. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन मार्शियस यांनी १८१७ ते १८२० या काळात ब्राझीलमध्ये प्रवास करून अपार वनस्पतिसंग्रह केला. त्यातील या वनस्पतीचे शास्त्रीय नाव व वर्णन त्यांनी १८२३ च्या सुमारास प्रसिद्ध केले. ॲमेझॉनच्या खोऱ्यात, म्हणजे तिच्या माहेरी, जलपर्णीचा कोणास उपद्रव नाही. तेथे तिची पाने कुरतडणारे आणि देठ पोखरणारे किडे तिच्याबरोबरच नांदत आले आहेत, आणि दरसालचे महापूर तिचे तांडे उखडून समुद्रात लोटून देतात. परक्या मुलखात ती एकटी गेली. तिचे वैरी मागेच राहिले. शिवाय तिची वाढ विलक्षण आहे. आईच्या बुडाशी एक आडवा धुमारा फुटतो, त्याच्या टोकाला नवे रोप येते, आणि ते सुटून वेगळे होते. ऊन, उष्मा आणि खतावलेले पाणी मिळाल्यास पंधरवड्याच्या आत एकाच्या दोन, आणखी पंधरवड्यात दोनाच्या चार, असा हिशेब चालतो. बुद्धिबळाच्या पटावर गव्हाचे दाणे मांडण्याची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. जलपर्णी ती गोष्ट तळ्यावर प्रत्यक्ष करून दाखविते. त्याखेरीज तिला बीही धरते, आणि ते बी तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते.

उत्तर अमेरिकेतील तिच्या आगमनाचा संबंध १८८४ साली न्यू ऑर्लिन्स येथे भरलेल्या कापसाच्या मोठ्या प्रदर्शनाशी जोडण्यात येतो. तेथे शोभेसाठी ठेवलेली ही रोपे पाहुण्यांनी आपापल्या हौदांत नेऊन लावली, असे सांगतात. फ्लॉरिडातील हकीगत मात्र अधिक निश्चित आहे. अमेरिकेच्या कृषिखात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ हर्बर्ट वेबर यांनी तेथे चौकशी करून १८९७ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यांनी लिहिले आहे की, १८९० च्या सुमारास पॅलाटका गावाच्या वरच्या अंगास, सेंट जॉन्स नदीकाठच्या एका बागेतील हौदात जलपर्णी लावलेली होती. हौद भरून वाहू लागला तेव्हा जादा रोपे नदीत टाकण्यात आली. नदीकाठ जांभळ्या फुलांनी शोभू लागला, तो पाहून शेजारच्या लोकांनाही आनंद झाला. मग काही गुरे पाळणारांनी ही रोपे मुद्दाम दुसऱ्या पाण्यांत नेऊन सोडली. गुरांना फुकट चारा होईल, ही त्यांची आशा. सात वर्षांत नदीची अशी दशा झाली की, आगबोटींची चाके गवतात अडकू लागली, लाकडांचे तराफे जागच्या जागी थांबले, आणि कोळ्यांना जाळे टाकावयास मोकळे पाणी सापडेना.

यानंतर सरकार जागे झाले. १८९९ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून फ्लॉरिडा व लुइझियाना येथील नौकामार्ग जलपर्णीपासून मोकळे करण्याचे काम लष्कराच्या अभियंत्यांकडे सोपविले. गवत उचलून चिरडणाऱ्या बोटी बांधल्या गेल्या. त्याने भागेना, तेव्हा सोमलाचे पाणी फवारण्यात आले. जलपर्णी मेली खरी, पण ती खाणारी गुरेही मरू लागली. म्हणून १९०५ मध्ये फ्लॉरिडात गुरांना घातक अशी द्रव्ये वापरण्यास मनाई करावी लागली. १९१० साली तर लुइझियानाचे प्रतिनिधी रॉबर्ट ब्रूसार्ड यांनी आफ्रिकेतून पाणघोडे आणून या पाण्यांत सोडावेत, म्हणजे गवतही फस्त होईल व देशाला मांसही मिळेल, असे विधेयक मांडले व त्यासाठी अडीच लाख डॉलर मागितले. विधेयक संमत झाले नाही, हे त्या नद्यांचे दैवच म्हणावयाचे. एका परक्या जिवाच्या पाठीवर दुसरा परका जीव बसविण्याचा तो बेत होता.

या साऱ्या खटाटोपात एक गोष्ट नजरेत भरते. उपटण्याचा कायदा १८९९ साली झाला. परंतु जलपर्णीची एका संस्थानातून दुसऱ्या संस्थानात ने-आण व विक्री करू नये, असा अमेरिकेचा संघीय कायदा होण्यास १९५६ साल उजाडले. मधली सत्तावन वर्षे एका हाताने गवत काढणे आणि दुसऱ्या हाताने ते फुलझाड म्हणून देणे, हे दोन्ही व्यवहार चालू राहू शकले. बैल गेला नि झोपा केला, या म्हणीचा अर्थ अमेरिकेत जाऊन समजून घ्यावा, अशी ही परी आहे.

पूर्वेकडील कथा याहून करुण आहे. १८९४ साली जावा बेटातील बॉयटेनझॉर्ग, म्हणजे आजचे बोगोर, येथील सुप्रसिद्ध उद्यानात जलपर्णी आणली गेली आणि तेथून ती बाहेरच्या पाण्यांत निसटली. त्याच सुमारास ती बंगालातही पोहोचली. कोणी आणली, कोणत्या बागेत लावली, याविषयी अनेक आख्यायिका आहेत. परंतु शोभेची वनस्पती म्हणून आली, याबद्दल फारसा मतभेद नाही. बंगाली भाषेत तिला कचुरीपाना म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोक तिला जर्मन पाना म्हणू लागले. इंग्रजांचा मुलूख बुडविण्यासाठी शत्रूने ती पाठविली, अशी वदंता उठली होती. खरा शत्रू आपल्याच अंगणातील हौदात फुलत होता, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

पूर्व बंगाल हा नद्यांचा, खाड्यांचा आणि बिलांचा, म्हणजे विस्तीर्ण उथळ पाणथळींचा देश. तेथे रस्ता म्हणजे पाणी, बाजारात जावयाचे ते होडीने, आणि पावसाळ्यात भातशेतीही पुराच्या पाण्याबरोबर उंच वाढणारी. पूर आला की जलपर्णीचे मैलमैल लांबीचे तराफे वाऱ्याने लोटले जाऊन शेतांत शिरत आणि उभे भात आडवे करून टाकीत. शेतकरी शेताभोवती बांबूचे कुंपण घालून रात्रंदिवस राखण करीत. पण बांबू विकत घेण्याची ऐपत सर्वांनाच कोठून असणार? ज्याच्या शेताला कुंपण नाही त्याचे पीक गेले, आणि ज्याने कुंपण घातले त्याच्या कुंपणाला अडलेले गवत शेजाऱ्याच्या शेतात गेले. ताग नेणाऱ्या होड्या अडकल्या, मासे गुदमरले, घाटावरचे पिण्याचे पाणी कुजले. नारायणगंजच्या व्यापाऱ्यांनी १९१४ च्या सुमारासच सरकारकडे तक्रार नेली होती. महायुद्धामुळे जर्मनीहून येणारे पालाशाचे खत बंद पडले, तेव्हा या गवताच्या राखेत पालाश आहे असे आढळून आल्यावर, ती राख विकून शत्रूचा मित्र करण्याची कल्पनाही पुढे आली. ती फार काळ टिकली नाही. आणि जी वनस्पती नष्ट करावयाची तिलाच बाजारभाव मिळवून देण्यात काय धोका आहे, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

शेजारच्या ब्रह्मदेशाने १९१७ मध्येच कायदा करून जलपर्णी जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरविला. कायद्याची दिशा योग्य होती, परंतु वेळ टळून गेली होती. त्या देशाच्या नद्या व तळी आजही या वनस्पतीपासून मुक्त झालेली नाहीत. बंगालात १९२१ साली सरकारने एक समिती नेमली, आणि तिचे अध्यक्षपद सर जगदीशचंद्र बोस यांस दिले. वनस्पतींच्या संवेदनांचा शोध घेण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या थोर शास्त्रज्ञाकडे एका वनस्पतीच्या संहाराचा विचार आला, हा योगायोग विचित्रच होय. विषारी फवाऱ्यांचे प्रयोग झाले, अहवाल झाले, वादविवाद झाले. अखेर १९३६ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने जलपर्णीचा स्वतंत्र कायदा केला. बागेत, शोभेच्या हौदात वा भांड्यात जलपर्णी लावण्यास त्याने बंदी केली. आणि आपल्या कब्जातील जमिनीवर वा पाण्यावर जलपर्णी असेल तर ती काढून नष्ट करण्याची जबाबदारी प्रत्येक कब्जेदारावर टाकली. १९३७ च्या निवडणुकीत जलपर्णीचे निर्मूलन हे प्रमुख पक्षांच्या वचनांपैकी एक होते. फजलुल हक यांचे मंत्रिमंडळ आल्यावर १९३९ साली जलपर्णी सप्ताह साजरा झाला. शाळकरी मुले, शिक्षक, वकील, सरकारी अंमलदार व शेतकरी कमरभर पाण्यात उतरले आणि त्यांनी हातांनी गवत ओढून काठावर टाकले.

त्या लोकांच्या श्रमाला कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल. अनेक गावांचे पाणी त्यांनी मोकळे केले. तथापि बंगालचा त्रिभुज प्रदेश हे बोलून चालून एकच पाणी. पावसाळ्यात तेथे तळे, ओढा, शेत आणि नदी यांमधील सीमा पुसली जाते. एका गावाने चैत्रात काढलेले गवत आषाढात वरच्या गावाहून पुन्हा येते. अशा प्रदेशात एकदा बीज पडले की कायद्याने ते परतविणे जवळजवळ अशक्य होते. बंगालला वाचविण्याचा क्षण १९३९ मध्ये नव्हता, १९२१ मध्येही नव्हता. पहिले रोप कोणी तरी कौतुकाने घरी आणले तो क्षण होता, आणि तो केव्हाच निघून गेला होता.

येथे तळ्यांची गोष्ट वेगळी पडते. नदीचे पाणी वाहते, पुराचे पाणी पसरते; तळ्याला काठ असतो. एका तळ्याचे पाणी दुसऱ्या तळ्याला मिळत नसेल, तर मधला कोरडा रस्ता हा पाणवनस्पतीच्या दृष्टीने अभेद्य तट होय. तो तट फोडण्याचे सामर्थ्य पाखरांत थोडे आणि माणसांत फार. ही गोष्ट अनुमानाची नसून पाहणीने सिद्ध झालेली आहे.

न्यूझीलंडमध्ये मूळच्या दक्षिण आफ्रिकेतील लॅगॅरोसायफन नावाच्या पाणगवताने १९५० नंतरच्या दशकात रोटोरुआ तळ्यात ठाण मांडले. काचेच्या हौदांत मासे पाळणाऱ्यांनी शोभेसाठी ते देशात आणले होते. वादळ झाले की त्याचे ढीग रोटोरुआच्या काठावर येऊन कुजत. पुढे ते ताउपो या मोठ्या सरोवरात आले, आणि १९७० नंतर शेकडो मैल दूर, समुद्रापलीकडच्या दक्षिण बेटावरील वानाका सरोवरातही दिसू लागले. या देशात त्याची फक्त मादी झाडे आहेत. म्हणजे बी वाऱ्याने गेले, असे म्हणावयास जागा नाही. शास्त्रज्ञांनी तेथील अनेक तळ्यांची पाहणी करून १९८५ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या तळ्यांत हौशी लोक होड्या उतरवितात व मासेमारी करितात, त्याच तळ्यांत ही परकी पाणगवते आढळली. पाखरे तर सर्वच तळ्यांवर उतरत होती. मोटारीमागे जोडलेल्या गाडीवर होडी चढवून माणसे शनिवारी एका तळ्यावर व रविवारी दुसऱ्या तळ्यावर जात, आणि होडीच्या पंख्याला गुंडाळलेला हिरवा धागा त्यांच्याबरोबर प्रवास करी.

वांझ वनस्पतीनेही किती मुलूख घ्यावा, याचे दुसरे उदाहरण साल्व्हिनिया या तरंगत्या नेच्याचे आहे. हा ब्राझीलचा. त्याला सुपीक बीजाणू धरत नाहीत. तो केवळ तुटून वाढतो. १९३९ मध्ये सिंहलद्वीपात कोलंबोच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागात अभ्यासासाठी तो आणला गेला, आणि थोड्याच वर्षांत बाहेरच्या भातखाचरांवर पसरला. केरळात तोच आफ्रिकन पायल या नावाने कुप्रसिद्ध झाला. आफ्रिकेत झांबेझी नदीवर करीबाचे धरण बांधून १९५८ च्या डिसेंबरात पाणी अडविले, तो १९५९ च्या उन्हाळ्यापूर्वीच नव्या जलाशयावर त्याचे ठिपके दिसू लागले. आणि १९६२ पर्यंत सुमारे एक हजार चौरस किलोमीटर पाण्यावर त्याची चादर पसरली. कारण शोधावयास दूर जावे लागले नाही. वरच्या अंगाच्या नदीत तो त्याआधीच कोणाच्या तरी हातून येऊन पोहोचला होता. धरणाच्या अभियंत्यांनी प्रत्येक दगडाचा हिशेब ठेवला, पण एका पावभर हिरव्या पाल्याचा हिशेब ठेवावयाचा राहून गेला.

मग या वनस्पतींवर उपाय नाहीच काय? आहे, आणि तो त्यांच्या माहेरीच सापडला. जलपर्णीवर जगणारे दोन प्रकारचे सोंडकिडे दक्षिण अमेरिकेतून शोधून, ते दुसरे काही खात नाहीत याची वर्षानुवर्षे परीक्षा करून, १९७२ पासून फ्लॉरिडात सोडण्यात आले. भारतात ते १९८२ मध्ये बंगळूर येथे आणून परीक्षेनंतर तेथील तळ्यांत सोडले. साल्व्हिनियावर जगणारा किडा १९८० साली ऑस्ट्रेलियातील मुंडारा या जलाशयात सोडला, तेव्हा वर्ष-सव्वा वर्षात तेथील हजारो टन गवत नाहीसे झाले; केरळातही पुढे या किड्याने चांगली कामगिरी केली. आफ्रिकेच्या व्हिक्टोरिया सरोवरात जलपर्णी १९८९ च्या सुमारास दिसू लागली, आणि १९९८ च्या सुमारास तिने अंदाजे वीस हजार हेक्टर पाणी व्यापले होते. तेथे १९९५ पासून सोंडकिडे सोडल्यावर तिचा जोर ओसरला. परंतु ओसरणे म्हणजे संपणे नव्हे. गाळात बी राहते, शहराचे सांडपाणी खत पुरविते, आणि काही वर्षांनी ती पुन्हा डोके वर काढते. कोळ्याची होडी पुन्हा अडकते. किडा हा चांगला पहारेकरी खरा. पण घरात शिरलेल्या चोराबरोबर कायमचे राहावे लागते, हे दुःख तो नाहीसे करू शकत नाही.

म्हणून गेल्या काही दशकांत शहाण्या देशांनी आपली नजर पाण्यावरून काढून काठावर वळविली आहे. अमेरिकेतील मिनेसोटा संस्थान हे हजारो तळ्यांचे संस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील मिनेटोंका सरोवरात १९८७ मध्ये युरेशियातील मिलफॉइल हे पाणगवत सापडले. संस्थानाने असा नियम केला की, पाणगवत चिकटलेली होडी वा तिची गाडी रस्त्यावर आणणे हाच अपराध. आणि तळ्यातून निघताना होडीतील साचलेले पाणी काढून, बुडाचे बूच उघडे ठेवूनच रस्त्याला लागले पाहिजे. तळ्यांच्या उतारावर तपासनीस उभे राहू लागले. मिलफॉइल काही शेकडो तळ्यांत गेले, हे खरे. परंतु तेथील बहुसंख्य तळी त्यापासून अद्याप मुक्त आहेत. न्यूझीलंडात २००४ मध्ये नद्यांतील दगडांवर वाढणारे एक परके शेवाळ सापडल्यानंतर तपासा, धुवा, वाळवा, अशी तीन शब्दांची शिकवण मुलांपासून कोळ्यांपर्यंत सर्वांना देण्यात आली. युरोपीय संघाने २०१६ मध्ये जलपर्णीची आयात, विक्री व लागवड बंद केली. हे उपाय दिसावयास अगदी सामान्य आहेत. सोमलाची बोट किंवा पाणघोड्याचे विधेयक यांच्यातील नाट्य त्यांत नाही. परंतु दीडशे वर्षांच्या अनुभवाने त्यांचेच मोल अधिक ठरविले आहे. एका तळ्यावरील एका होडीची तपासणी पाच मिनिटांत होते. ती चुकली, तर पुढच्या पिढीला ते तळे दरसाल उपसावे लागते.

महाराष्ट्राला हा इतिहास परक्याचा वाटण्याचे कारण नाही. कोल्हापूरचा रंकाळा, मुंबईचा पवई तलाव, पुण्याची मुळा-मुठा आणि पाषाणचे तळे, भीमेवरील उजनीचा जलाशय, या सर्वांनी जलपर्णीचा जाच सोसला आहे. गवत काढण्यावर सार्वजनिक पैसा खर्च होतो, छायाचित्रे प्रसिद्ध होतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा हिरवे दिसते. याचे अर्धे कारण सांडपाण्यात आहे. न शुद्ध केलेले मैलापाणी तळ्यात सोडणे म्हणजे जलपर्णीला स्वहस्ते खत घालणे होय. ते थांबले नाही तर बाकीचे श्रम पाण्यात जातात. परंतु उरलेले अर्धे कारण ने-आणीचे आहे, आणि त्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

जे यंत्र अथवा जी होडी एका तळ्यातील जलपर्णी काढण्यासाठी आणिली, तीच पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तळ्यावर न्यावयाची असेल, तर आधी ती काठापासून दूर नेऊन धुतली पाहिजे व कडक उन्हात पुरती वाळविली पाहिजे. काढलेले गवत काठावर रचून ठेवले, तर पहिल्या मोठ्या पावसात ते परत पाण्यात उतरते. ते दूर नेऊन वाळवावे अथवा खड्ड्यात पुरून त्याचे खत करावे. फुले येण्यापूर्वी काढलेले गवत बी मागे ठेवीत नाही, म्हणून कामाची वेळही महत्त्वाची आहे. मासेमारीची जाळी एका जलाशयावरून दुसऱ्यावर नेताना झटकून वाळविणे, हे कोळ्याला कठीण नाही. त्याला कारण समजावून सांगणारा माणूस मात्र भेटला पाहिजे. पाणीच त्याचे शेत असल्यामुळे, एकदा समजल्यावर ते काम तो इतरांहून अधिक निष्ठेने करील.

आणि शहरातील सुशिक्षित घरांचाही या कामाशी निकटचा संबंध आहे. फ्लॉरिडातील बाग, केंब्रिजचे उद्यान, कोलंबोचे महाविद्यालय, न्यूझीलंडातील काचेचे हौद, या यादीत अडाणी मनुष्य जवळजवळ नाही. प्रत्येक ठिकाणी आरंभ केला तो सौंदर्याची आवड असणाऱ्या किंवा विद्येची हौस असणाऱ्या मंडळींनी, आणि त्याचे मोल मोजले ते शेतकऱ्यांनी व कोळ्यांनी. आजही गच्चीवरील कुंडात जलपर्णी ठेवणारी घरे आहेत. माशांच्या काचेच्या पेटीतील हिरवे गवत फार माजले, किंवा गाव सोडताना पेटीच मोडावयाची वेळ आली, तर ते सारे जवळच्या तळ्यात नेऊन सोडण्याची बुद्धी दयाळू माणसालाच होते. जिवंत वस्तू उकिरड्यावर टाकण्यापेक्षा पाण्यात सोडणे त्याला पुण्याचे वाटते. परंतु त्या तळ्यात आधीच नांदणारे मासे, कमळे, पाखरे आणि काठावरची माणसे यांच्याशी त्या दयेचा हिशेब जमत नाही. अशा वेळी ते गवत उन्हात ठेवावे, कुरकुरीत वाळले म्हणजे कुंडीतल्या मातीत मिसळावे, आणि पेटीतील पाणी तुळशीला किंवा अंगणातील झाडाला घालावे. गटारात किंवा ओढ्यात नव्हे.

पहिल्या रोपाच्या वेळी जे काम एका हाताने होते, त्यासाठी पुढे बंगालसारख्या सबंध प्रांताला पाण्यात उतरावे लागते. महाराष्ट्रात डोंगराआडची, गावाबाहेरची, लहानमोठी कित्येक तळी अशी आहेत की, ज्यांच्या पाण्यात अजून आभाळाचे प्रतिबिंब पडते. त्यांच्यापर्यंत जलपर्णी आपल्या पायांनी चालत जाणार नाही. तिला तेथे कोणी घेऊन गेले नाही, म्हणजे झाले.